मला महापौराचं बटण का मिळालं नाही? कोल्हापूरच्या एका मतदाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ जानेवारी २०२६ ला तुम्ही महापालिकेसाठी मतदान केलं आणि चार जागांसाठी चार बटणं दाबली. त्याआधी डिसेंबरात कागलला तुमच्या बहिणीनं नगरपरिषदेसाठी मत दिलं, तेव्हा तिला नगराध्यक्षासाठी वेगळं मत होतं. तुम्हाला महापौरासाठी का नव्हतं? मग महापौर ठरवतं कोण? आणि निवडून आलेल्या चौघांपैकी गटार तुंबलं तर कुणाचं दार वाजवायचं?

माझी नोकरी नगरसचिव विभागात गेली. सभेचा अजेंडा काढणं, इतिवृत्त लिहिणं, महापौर निवडीच्या विशेष सभेची तयारी, हेच काम. निवृत्तीनंतर उमेदवारांचे अर्ज तपासून देतो, सगळ्याच पक्षांच्या. तेव्हा कायदा काय म्हणतो आणि सभागृहात प्रत्यक्ष काय चालतं, दोन्ही सांगतो.

पहिली गोष्ट, कागल आणि कोल्हापूर वेगवेगळ्या कायद्यांखाली चालतात. कागल, मुरगूड, जयसिंगपूर, गडहिंग्लज या नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमाखाली येतात. तिथं नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हे सरकार बदललं की बदलत आलं आहे. २०१६ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला पुन्हा आली. कोल्हापूर शहरात नगरपालिका १८५४ पासून होती. १५ डिसेंबर १९७२ ला महापालिका झाली आणि शहर १९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली गेलं. या कायद्यात महापौर नगरसेवकच आपल्यातून निवडतात. मुंबई-पुण्यातसुद्धा मतदाराला महापौराचं बटण मिळत नाही. तुमच्यावर काही वेगळा अन्याय झालेला नाही.

जाता जाता, उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी इथली मंडळी रोज शहरात येतात, स्वतःला कोल्हापूरकरच म्हणवतात, पण त्यांना या निवडणुकीत मतच नाही. १९७२ पासून शहराची हद्द इंचभर वाढलेली नाही. हद्दवाढीची मागणी प्रत्येक निवडणुकीत होते, आसपासची गावं प्रत्येक वेळी विरोध करतात, आणि २०१७ ला सरकारनं मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण करून दिलं. तो वेगळा विषय आहे, पण शहराच्या तिजोरीत पैसा का नसतो याचं निम्मं उत्तर तिथं आहे.

आता महापौर. खुर्चीवर कुणी बसायचं हे तीन टप्प्यांत ठरतं आणि पहिला टप्पा कोल्हापुरात घडतच नाही. मंत्रालयात नगरविकास विभाग राज्यातल्या सगळ्या महापालिकांची एकत्र सोडत काढतो. महापौरपद खुलं, महिलेसाठी, अनुसूचित जातीसाठी की मागास प्रवर्गासाठी, ते चिठ्ठीवर ठरतं. यंदा ही सोडत निकालानंतर निघाली. त्यामुळे प्रचारात 'आमच्या प्रभागाला महापौर देणार' असं जो कोणी सांगत होता, त्याला स्वतःलाही आपण त्या पदाला पात्र ठरू की नाही हे ठाऊक नव्हतं. उपमहापौरपदाला आरक्षण नाही. म्हणून मित्रपक्षाची समजूत काढायची झाली की ते पद पुढे केलं जातं.

दुसरा टप्पा गटनोंदणीचा. निवडून आलेले नगरसेवक पक्षाप्रमाणे किंवा आघाडीप्रमाणे विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे पुण्याला, गट नोंदवतात. अपक्ष आणि एक-दोन जागांचे पक्ष निकालानंतर लगेच कुणाच्या तरी गाडीत बसून पुण्याला का जातात, याचं कारण कायद्यात आहे. निकाल अधिसूचित झाल्यापासून महिन्याच्या आत आघाडी करता येते आणि स्थायी समितीसारख्या (महापालिकेचे पैशाचे निर्णय घेणाऱ्या) समित्यांच्या जागा गटाच्या संख्याबळावर वाटल्या जातात. हिशेब सोपा आहे. सभागृहात ८१ नगरसेवक, स्थायी समितीत १६ जागा. म्हणजे एका जागेला साधारण पाच नगरसेवक लागतात. एकटा अपक्ष बाहेर राहिला तर पाच वर्षं बाकावर बसून फक्त हात वर करणार. चौघांच्या गटाला पाचवा मिळाला तर त्या पाचव्याची किंमत किती, हे तुम्हीच ठरवा.

स्वीकृत नगरसेवकांचं, म्हणजे जनतेच्या मतानं नव्हे तर नेमणुकीनं सभागृहात येणाऱ्यांचं, गणितही असंच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे स्वीकृत घेता येतात. कोल्हापुरात आठ. म्हणजे दहा नगरसेवकांमागे एक. कायद्याला तिथं प्रशासन, शिक्षण, समाजसेवा यांतले जाणकार हवे आहेत. सभागृहात मात्र बहुतेक वेळा तिकीट न मिळालेले आणि पडलेले दिसतात. त्यांना भाषण करता येतं, मत देता येत नाही. चांगला अभियंता किंवा निवृत्त मुख्याध्यापक या जागेवर आला तर सभेचा दर्जा खरंच वाढतो, पण असं क्वचित घडतं.

तिसरा टप्पा विशेष सभेचा. पीठासीन अधिकारी बसतो, अर्ज छाननी होते, माघारीसाठी थोडा वेळ दिला जातो, मग हात उंचावून मतदान. गुप्त मतदान नाही. कुणी कुणाला हात वर केला ते नाव घेऊन इतिवृत्तात नोंदवलं जातं. पक्षादेश मोडला तर १९८६ च्या अनर्हता कायद्याखाली पद जाऊ शकतं. तरीही सभेच्या आधीचे आठ-दहा दिवस नगरसेवक 'सहलीला' जातात. कोकण, गोवा, जिथं मोबाइल गोळा करून ठेवता येतील तिथं. मतदान उघड असताना सहल कशाला, असं नवखे विचारतात. पक्षादेश मोडणाऱ्यावर कारवाई व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, कोर्टकचेरी होते, आणि तोपर्यंत महापौर बसून उठलेलाही असतो. हे नेत्यांना चांगलं ठाऊक आहे.

२०१५ चं उदाहरण घ्या, कारण त्यात सगळं दिसतं. ८१ पैकी काँग्रेस २७, राष्ट्रवादी १५, ताराराणी आघाडी (शहरातला स्थानिक गट) १९, भाजप १३, शिवसेना ४ आणि इतर ३. बहुमत ४१ चं. काँग्रेस आणि राष्ट्रवादी मिळून ४२. एका जागेच्या अंतरावर सत्ता. अशा सभागृहात कुणालाही नाराज ठेवून चालत नाही. मग नाराजी दूर करायचा कोल्हापूरचा खास मार्ग आला: महापौरपद वाटून घेणं. कायदा अडीच वर्षांची मुदत देतो, पण राजीनामा द्यायला बंदी नाही. त्या पाच वर्षांत अश्विनी रामाणे यांच्यापासून निलोफर आजरेकर यांच्यापर्यंत आठ महापौर झाल्या, आठही महिला. काहींना वर्ष मिळालं, काहींना जेमतेम काही महिने. पहिला महिना सत्कारात, शेवटचा 'राजीनामा कधी' या चर्चेत. मधल्या काळात अंदाजपत्रक वाचून समजून घ्यायला कुणाला सवड मिळाली असेल, असं मला वाटत नाही. त्या बायकांत कुवत नव्हती म्हणून नव्हे. काही जणी फार चांगल्या बोलायच्या, अधिकाऱ्यांना उभं करायच्या. पण ज्याला माहीत आहे की ही बाई सहा महिन्यांत खुर्ची सोडणार, तो कार्यकारी अभियंता फाइल सहा महिने दाबून ठेवतो. यंदाही तुमच्या कानावर 'फॉर्म्युला ठरला' असा शब्द आला असेल, तर त्याचा अर्थ हाच.

उलट बाजूही आहे. जायचंच नाही म्हणणाऱ्या महापौराला सभागृह काढू शकत नाही. २०१५ च्या सुरुवातीला कोल्हापुरातच एका विद्यमान महापौरांवर लाचेच्या तक्रारीत गुन्हा दाखल झाला. पक्षानं राजीनामा मागितला, तो आला नाही. सभागृहातले बहुसंख्य विरोधात असूनही अविश्वास ठराव आणायची तरतूद कायद्यात नसल्यानं काही महिने कोंडी राहिली. शेवटी निर्णय सरकारच्या पातळीवर झाला. सरपंचावर अविश्वास आणता येतो, महापौरावर नाही. असं का, हा प्रश्न मी अनेक वकिलांना विचारला. समाधानकारक उत्तर कुणी दिलं नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला वेगळा वाटतो. महापौर कोण झाला यानं तुमच्या गल्लीत काय बदलतं? फार काही नाही. महापौर महासभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, अध्यक्ष असतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो, कागदपत्रं मागवू शकतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून पाहुण्यांचं स्वागत करतो. कोणत्याही बिलावर त्याची सही लागत नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. कर्मचाऱ्यांची बदली, बांधकाम परवाना, घरफाळ्याची (मालमत्ता कराची) आकारणी, अतिक्रमण काढणं, सगळं तिकडे. आणीबाणीच्या कामासाठी आयुक्तांना 'सदुसष्ट तीन क' हे कलम आहे, महापालिकेतला शिपाईसुद्धा ते तोंडपाठ म्हणतो. पुराच्या आठवड्यात हे कलम हवंच. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा पाण्याखाली असताना सभा बोलावून ठराव करत बसलं असतं तर माणसं वाहून गेली असती. पण पूर ओसरल्यावर महिनोन्महिने त्याच कलमाखाली कामं निघू लागली की कुणीतरी सभागृहात उठून विचारायला हवं.

पैशाचं खरं ठिकाण स्थायी समिती. अंदाजपत्रक आयुक्त आधी स्थायीला सादर करतात, ठरावीक रकमेच्या वरच्या निविदा तिथं मंजूर होतात. सोळा सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त. पहिल्या वर्षी कोण बाहेर जाणार हे चिठ्ठी टाकून ठरतं. सभापती दरवर्षी नवा. वर्तमानपत्रात 'तिजोरीच्या चाव्या कुणाकडे' असा मथळा येतो तो महापौराबद्दल नसतो, या सभापतीबद्दल असतो. २०१८ च्या सुरुवातीला बहुमत काँग्रेस-राष्ट्रवादीकडे असताना राष्ट्रवादीचे दोन सदस्य फुटले आणि सभापतिपद भाजपकडे गेलं. महापौर एका आघाडीचा, स्थायी दुसऱ्याकडे. त्या वर्षी शहरात काय फरक पडला हे विचाराल तर सांगणं अवघड आहे. पण अधिकारी दोन्ही दालनांत जाऊन दोन वेगळी उत्तरं द्यायला शिकले, एवढं नक्की.

आणि महासभा. लोक तिला गोंधळाची जागा समजतात, टीव्हीवर कागद फाडताना दिसतात म्हणून. तिथला एक ठराव शहराला तीस वर्षं बांधून टाकू शकतो. कोल्हापूरला हे नव्यानं सांगायला नको. ४९.९९ किलोमीटरचे रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, बांधा-वापरा-हस्तांतरित करा, आणि बदल्यात शहराच्या वेशीवर तीस वर्षं टोल. या प्रकल्पाचा करार सभागृहाच्या संमतीनं पुढे गेला. नाके उभे राहिले तेव्हा लोकांना कळलं. मग एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर, नाके पेटले, मोर्चे निघाले, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. आंदोलनाचा अभिमान सगळ्यांना आहे, मलाही. पण ठराव मांडला गेला त्या दिवशी तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं काय केलं, हे किती जणांनी नंतर विचारलं? ठराव बेकायदा किंवा शहराच्या हिताविरुद्ध असेल तर सरकार तो कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. पण ते सरकारच्या मर्जीवर.

आता चार बटणांकडे येतो. २०१५ ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार, म्हणजे एका नगरसेवकामागे सात हजारांहून कमी माणसं. तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूस निवडून यायचा, सगळ्यांना नावानं ओळखायचा. या वेळी २० प्रभाग, त्यांतले एकोणीस चार सदस्यांचे आणि एक पाचचा. सरासरी सत्तावीस हजार लोकसंख्या. खर्चाची मर्यादा कोल्हापूरच्या वर्गातल्या महापालिकांना ९ लाखांची. प्रभाग चौपट झाला की एकट्याच्या ओळखीवर निवडून येणं कठीण होतं, पॅनेल (चारही जागांचे उमेदवार एकत्र) लागतं, पॅनेलला पक्ष लागतो, पक्षाला पैसेवाला उमेदवार लागतो. शिवाजी पेठेतला तालीम-मंडळाचा कार्यकर्ता, ज्याच्यामागं फुटबॉलची टीम आणि गल्लीतली दोनशे घरं होती, त्याला आता शेजारच्या तीन भागांतली मतं मागायला जावं लागतं, आणि तिथं त्याला कुणी ओळखत नाही. हा बदल मला आवडलेला नाही, हे लपवत नाही. समर्थक म्हणतात की मोठ्या प्रभागामुळे गल्लीपुरतं राजकारण थांबतं, महिलांना आणि राखीव जागांवरच्या उमेदवारांना पॅनेलचा आधार मिळतो. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिल्यात मला तरी दिसत नाही. गल्ली तीच राहते, फक्त जबाबदार कोण ते कळेनासं होतं.

मतदानाच्या दिवशी चौकशीला आलेले निम्मे लोक एकच शंका विचारत होते: चारही मतं एकाच पक्षाला द्यावी लागतात का? नाही. अ, ब, क, ड या चार वेगळ्या निवडणुका आहेत, फक्त एका वेळी होतात. मतपत्रिकेचे रंग त्यासाठीच वेगळे असतात, पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. अ ला एक पक्ष, क ला अपक्ष, ड ला आणखी कुणी, काहीही चालतं. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर 'वरीलपैकी एकही नाही' दाबायचं, कारण सगळ्या जागांचं मत नोंदलं गेल्याशिवाय मतदान पूर्ण झाल्याची शिटी वाजत नाही. कागदाची चिठ्ठी दाखवणारं यंत्र या निवडणुकीत नव्हतं, विधानसभेला असतं. बऱ्याच जणांना त्याचा संशय आला. बहुसदस्यीय प्रभागासाठी तसं यंत्र उपलब्ध नाही, असं राज्य निवडणूक आयोगानं आधीच सांगितलं होतं.

यादीत नाव सापडलं नाही अशी तक्रारही फार. महापालिकेची स्वतंत्र मतदार यादी नसते. विधानसभेची यादी घेतात, कोल्हापूर उत्तर आणि दक्षिणची, आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली. त्यानंतर नोंदणी केलेल्यांचं नाव येणारच नव्हतं. फोडताना रस्त्याच्या अलीकडचं घर पलीकडच्या प्रभागात जातं, एकाच घरातले दोन भाऊ दोन प्रभागांत जातात. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी मोजके दिवस असतात आणि तेव्हा कुणी फिरकत नाही. मतदानाच्या दिवशी भांडण होतं, पण तेव्हा केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी २०२० ते २०२६ चा काळ आठवा. नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली. आधी कोरोना, मग मागास प्रवर्गाच्या आरक्षणाची सर्वोच्च न्यायालयातली लढाई, मध्येच प्रभागरचना तीन सदस्यांची करायची की चारची यावर दोन सरकारांचे दोन निर्णय. मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घ्या असा आदेश दिला तेव्हा गाडी हलली. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. त्या काळात कामं झाली नाहीत असं नाही. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनचं पाणी, ज्यासाठी शहरानं तीन दशकं आंदोलनं केली, ते २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं, आणि तेव्हा सभागृह रिकामं होतं. प्रशासक बरा, असं म्हणणारे मला रोज भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो की पाणी आल्यावरही तुमच्या भागात ते कमी दाबानं का येतं, हे तुम्ही या पाच वर्षांत कुणाला विचारलंत? कनिष्ठ अभियंत्याला. त्यानं काय केलं? तक्रार लिहून घेतली.

तर कुणाकडे जायचं. चौघांपैकी कुणाकडेही. कायद्यात अ जागेच्या नगरसेवकाकडे ही गल्ली आणि ड कडे ती, अशी वाटणी नाही. चौघेही पूर्ण प्रभागाचे. व्यवहारात ते आपसांत भाग वाटून घेतात, आणि तुम्ही गेलात की 'ते काम त्यांच्याकडे आहे' असं ऐकायला मिळतं. तोंडी जाऊ नका. एकच अर्ज, चौघांच्या नावे, त्याची प्रत विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या. शहरात चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. गटार, कचरा, रस्त्यावरचा दिवा ही कामं तिथंच सुटतात, नगरसेवक फक्त ढकलतो. ढकलण्यात चौघांत चढाओढ लागली तर तुमचा फायदा. वेगवेगळ्या पक्षांचे निवडून आले असतील तर जास्तच, कारण एकानं काम केलं की दुसऱ्याला फलक लावायची घाई होते. चौघे एकाच पॅनेलचे असतील तर ही चढाओढ नाही. तेव्हा त्यांतला जो पुढच्या वेळी स्वतःच्या बळावर उभा राहू इच्छितो तो शोधा. असा एक तरी असतोच, आणि तो रात्री दहाला फोन उचलतो.

घरफाळ्याची तक्रार मात्र नगरसेवकाकडे नेऊ नका. आकारणीवर हरकत घ्यायची मुदत नोटिशीवर लिहिलेली असते. ती नगरसेवकाच्या 'बघू'मध्ये निघून जाते. बांधकाम परवान्याचंही तेच. नगरसेवक आपल्या शब्दावर परवाना काढून देतो म्हणाला तर तिथून निघा. अनधिकृत बांधकामाला मदत केली तर त्याचं स्वतःचं पद जाऊ शकतं, हे त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

थेट महापौर असता तर बरं झालं नसतं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात आहे थेट निवड. लोकांना एक चेहरा मिळतो, घोडेबाजार कमी होतो, सहा महिन्यांचे महापौर बंद होतात. एवढे फायदे मी मान्य करतो. पण अधिकार आयुक्तांकडेच राहिले तर लाखाच्या घरात मतं मिळवलेला महापौर आणि सही करणारा आयुक्त रोज भांडतील. आणि सभागृहात बहुमत विरोधकांचं आलं तर अंदाजपत्रकच अडकेल. थेट नगराध्यक्षांच्या गावांत असं झालेलं आहे, अध्यक्ष एका गटाचा, नगरसेवक दुसऱ्या गटाचे, आणि वर्षभर सभा तहकूब. मला विचाराल तर आधी दोन बदल करावेत. अडीच वर्षांच्या आत राजीनामा दिला तर उरलेल्या मुदतीसाठी त्याच गटाला पद मिळणार नाही, अशी तरतूद. आणि ठरावीक काळानंतर दोन तृतीयांशानं महापौर काढता येईल, अशी दुसरी. एवढ्यानं वाटून खाणं आणि चिकटून बसणं, दोन्ही बंद होईल. थेट निवडीचं त्यानंतर बघू.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते वापरा. महासभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी. माळकर तिकटीजवळच्या मुख्य इमारतीत नगरसचिव विभागात अजेंडा मिळतो. त्यातले छापील विषय वाचाच, पण सभेच्या शेवटी येणाऱ्या 'ऐनवेळच्या विषयां'वर जास्त लक्ष ठेवा. जागा भाड्यानं देणं, मुदतवाढ, आरक्षण बदलणं, असले विषय तिथून सरकवायची जुनी सवय आहे. वाचायला वेळ नसतो, मंजूर मंजूर म्हणत विषय संपतो. पुढच्या महिन्यात माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागा. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, उपसूचना कुणी दिली आणि विरोध कुणी नोंदवला, चारही गोष्टी त्यात नावानिशी असतात. तुमच्या प्रभागातल्या चौघांची नावं शोधा. सुरुवातीला ती कुठंच सापडणार नाहीत. तसं झालं तर तीच प्रत घेऊन चौघांना भेटायला जा, मग गटाराचा विषय काढा.